लहानपणीच्या अत्याचाराची तक्रार: मुदत कशी मोजायची, आणि संपली असेल तर विधिमंडळाकडे काय मागायचं

"आता इतक्या वर्षांनी काही होत नाही." लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल मोठेपणी बोलू पाहणाऱ्याला घरचे हेच सांगतात, ठाणे अंमलदार हेच सांगतो आणि कधीकधी वकीलही. हे वाक्य अर्धं खरं आहे. फौजदारी तक्रारीचं दार पुष्कळदा उघडं असतं. भरपाईच्या दिवाणी दाव्याचं दार मात्र वयाच्या 21व्या वर्षी लागतं, आणि आज ते कुठलंही न्यायालय उघडू शकत नाही. ते फक्त विधिमंडळ किंवा संसद उघडू शकते. म्हणून आधी मुदत मोजायची, मग तक्रार लिहायची, आणि ज्या दाराला कडी लागली आहे त्याच्यापुरती मागणी करायची.

आधी तीन तारखा

एका कागदावर तीन तारखा लिहा: जन्मतारीख, घटनेचा काळ आणि 14 नोव्हेंबर 2012. तिसरी तारीख पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, अमलात आल्याची. घटना तिच्या आधीची की नंतरची, यावर पुढचं सगळं ठरतं.

जन्मतारखेत आपल्याकडे एक जुनी गडबड आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावून टाकलेली 1 जून आणि महापालिकेच्या दाखल्यावरची खरी तारीख जुळत नाहीत. बाल न्याय कायद्याच्या कलम 94 मध्ये वय ठरवताना शाळेचा किंवा दहावीच्या बोर्डाचा दाखला आधी बघतात. तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. दोन्ही दाखले काढून ठेवा. तफावत असेल तर ती आपणच आधी सांगा, उलटतपासणीत निघण्याची वाट बघू नका.

घटनेची नेमकी तारीख बहुतेकांना आठवत नाही, आणि त्यात काही वावगं नाही. चूक होते ती ओढूनताणून तारीख दिल्यावर. "12 मे 2004" असं लिहिलं आणि त्या दिवशी आरोपी गावाला होता असं निघालं, तर खरी तक्रारसुद्धा लटकी दिसते. त्यापेक्षा कालावधी द्या आणि त्याला खुंटी शोधा. कितवी इयत्ता, चाळ सोडून फ्लॅटमध्ये कधी गेलात, 26 जुलै 2005च्या पुराच्या आधी की नंतर, धाकट्या भावाचा जन्म झाला होता का. शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, लग्नाचे अल्बम यांवरून असा काळ पक्का करता येतो.

फौजदारी मुदत कलमाच्या शिक्षेवरून ठरते

नियम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 468 मध्ये होता, आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 मध्ये आहे. गुन्ह्याला फक्त दंड असेल तर 6 महिने, एक वर्षापर्यंत कैद असेल तर 1 वर्ष, एक ते तीन वर्षांपर्यंत कैद असेल तर 3 वर्षं. कमाल शिक्षा तीन वर्षांहून जास्त असेल तर मुदतच नाही. 30 वर्षांनीही तक्रार घ्यावी लागते. मोजणी तक्रार नोंदवल्याच्या तारखेपर्यंत करायची, न्यायालयाने दखल घेतल्याच्या तारखेपर्यंत नाही. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सारा मॅथ्यू प्रकरणात हे स्पष्ट केलं.

या नियमात एक फट आहे. तक्रारदार अज्ञान, म्हणजे 18 वर्षांच्या आतली, होती म्हणून फौजदारी मुदत थांबत नाही. तीन वर्षांची मुदत असलेला गुन्हा आठव्या वर्षी घडला, तर मुदत अकराव्या वर्षी संपते.

घटना 14 नोव्हेंबर 2012 नंतरची असेल तर हिशेब सोपा आहे. पॉक्सोच्या कलम 4, 6, 8 आणि 10 खालच्या, म्हणजे प्रत्यक्ष शरीरावरच्या लैंगिक हल्ल्याच्या, शिक्षा तीन वर्षांच्या वर जातात, त्यामुळे मुदत नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने विधी मंत्रालयाचा हवाला देऊन पॉक्सोच्या तक्रारीला मुदत नाही असं जाहीर केलं, आणि ती बातमी अजूनही व्हॉट्सॲपवर फिरते. पण मंत्रालयाच्या निवेदनाने संहितेचं कलम बदलत नाही. कलम 12, म्हणजे अश्लील बोलणं, चित्रं दाखवणं, पाठलाग करणं अशा लैंगिक छळाला कमाल शिक्षा तीन वर्षं आहे, आणि बचावाचा वकील तीन वर्षांची मुदत दाखवणार हे धरून चाला. कलम 21चंही तेच. ज्या मुख्याध्यापकाने किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकाने कळूनही पोलिसांना कळवलं नाही, त्याला शिक्षा सहा महिने, संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्ष. दोन्हींची मुदत एकच वर्ष. 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे न कळवणं गंभीर गुन्हा आहे असं ठणकावलं, पण म्हणून मुदत वाढली नाही.

घटना त्या आधीची असेल तर पॉक्सो लागत नाही आणि लावताही येणार नाही. कृत्य घडलं तेव्हा अमलात असलेल्या कायद्याखालीच शिक्षा, असं संविधानाचं कलम 20(1) सांगतं. मग भारतीय दंड संहिता उघडायची, आणि घटनेच्या दिवशी तिच्यात काय लिहिलं होतं ते बघायचं. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना लागते, त्यामुळे जुन्या घटनेला तिची कलमं लावून घेऊ नका.

जुन्या संहितेत बलात्काराची व्याख्या अरुंद होती. 2004 मध्ये 'साक्षी' प्रकरणात ती रुंदावण्याची विनंती सर्वोच्च न्यायालयाने नाकारली होती. व्याख्येत बसणाऱ्या कृत्याला कलम 376, मुदत नाही. मुलगा असो की मुलगी, अनैसर्गिक संभोगाला कलम 377, त्यालाही मुदत नाही. बाकी सगळं, बोटांनी केलेला अत्याचारसुद्धा, मुलीच्या बाबतीत कलम 354 मध्ये, म्हणजे विनयभंगात ढकललं जायचं. 3 फेब्रुवारी 2013च्या आधी त्याला कमाल दोन वर्षं शिक्षा होती, म्हणून तीन वर्षांची मुदत. मुलाच्या बाबतीत तर 354 हे कलमच नाही. साधी मारहाण सोडली तर हाताशी फार काही उरत नाही.

म्हणून जुन्या घटनेत जबानीतला शब्द निर्णायक असतो. ठाण्यात जबानी लिहिताना "मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले" हे ठरलेलं वाक्य सवयीने येतं. या एका वाक्याने 376 किंवा 377 चा गुन्हा 354 वर घसरतो, आणि मुदत नसलेली तक्रार 20 वर्षं मुदतबाह्य होते. काय केलं, कशाने केलं, कुठे केलं, किती वेळा, हे आपल्या शब्दांत आणि अवघड वाटलं तरी स्पष्ट लिहा. तोंडाने सांगणं जमत नसेल तर घरून लिहून न्या आणि तेच जोडायला सांगा.

एखाद्या कलमाची मुदत गेली असेल तरी दोन वाटा आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514(3) नुसार एकत्र चालणाऱ्या गुन्ह्यांत सर्वात जड शिक्षेच्या गुन्ह्याची मुदत सगळ्यांना लागते, त्यामुळे 376 च्या जोडीला 354 ही जिवंत राहतं. आणि कलम 519 खाली, विलंबाचं समाधानकारक कारण असेल किंवा न्यायासाठी गरज असेल, तर मुदतीनंतरही न्यायालय दखल घेऊ शकतं. ते आपोआप होत नाही, मागावं लागतं.

आरोपी तेव्हा स्वतः 18 च्या खाली असेल, उदाहरणार्थ पंधरा वर्षांचा मावसभाऊ, तर तो आज चाळिशीचा असला तरी प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. मुंबईत त्यासाठी डोंगरी गाठावी लागते. जन्मठेपेच्या अपेक्षेने तिथे गेलात तर पदरी निराशा येईल.

तक्रार देताना

घटना मे महिन्याच्या सुट्टीत कोकणात घडली आणि तुम्ही आज मुलुंडला राहता, तरी तक्रार मुलुंडलाच देता येते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली कोणतंही ठाणं झिरो एफआयआर नोंदवून हद्दीच्या ठाण्याकडे पाठवतं. ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका.

विलंबाचं कारण पहिल्याच जबानीत यायला हवं. 2013 च्या ललिता कुमारी निकालाने एफआयआर सक्तीचा केला, पण त्यातच अपवादही ठेवला: कारण न देता तीन महिन्यांहून अधिक उशीर झाला असेल तर पोलीस आधी प्राथमिक चौकशी करू शकतात. 20 वर्षांच्या उशिराला हा अपवाद सहज लावला जातो, मग अर्ज "चौकशीवर" पडून राहतो. कारण ठोस हवं: तेव्हा वय सात होतं, तो घरातलाच होता, दहावीत आईला सांगितलं तेव्हा तिने गप्प केलं, लग्नानंतर समुपदेशनात पहिल्यांदा बोलले, आता त्याच्या घरात लहान पुतणी आहे म्हणून आले. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांची नावं आणि साधारण वर्षं द्या, तेच पुढे साक्षीदार होतात. 1996 च्या गुरमीत सिंग निकालापासून न्यायालयं लैंगिक गुन्ह्यातला उशीर समजून घेतात, पण न सांगितलेलं कारण ती स्वतःहून भरत नाहीत.

जून 2022 मध्ये मुंबई पोलिसांनी विनयभंग आणि पॉक्सोच्या गुन्ह्यांना वरिष्ठांची पूर्वपरवानगी लावणारं परिपत्रक काढलं होतं. ते मागे घेतलं गेलं. आजही कोणी "साहेबांची परवानगी आल्यावर या" म्हणालं तर तक्रार परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. कलम 173(4) ची ती पायरी आहे. ती चढल्याशिवाय न्यायालयात 175(3) खालचा अर्ज टिकत नाही, आणि त्या अर्जाला शपथपत्र लागतं.

फोनवर आरोपीने माफी मागितल्याचे मेसेज असतील तर स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ फोन जपा, तो रिसेट करू नका, विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने. तक्रारीआधी नाव समाजमाध्यमांवर टाकलं की समोरचा सावध होतो, वर अब्रुनुकसानीची नोटीस येते. "इतके दे, नाहीतर तक्रार करते" असा एक मेसेजही पाठवू नका. सगळं प्रकरण खंडणीचं म्हणून उलटवायला तेवढा पुरतो.

महिलेला, बालकाला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उत्पन्न न बघता मोफत मिळतो, क्रमांक 15100. आज एखादं मूल धोक्यात असेल तर स्वतःच्या तक्रारीसाठी थांबू नका, 1098 ला आधी कळवा.

दिवाणी दावा: 21 वर्षं, पुढे नाही

शारीरिक-मानसिक इजेच्या भरपाईचा दावा 1963 च्या मुदत कायद्यातल्या अनुच्छेद 113 मध्ये येतो, म्हणजे तीन वर्षं. अज्ञान व्यक्तीला कलम 6 आणि 8 मिळून सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं देतात. 10 जून 1994 ला जन्मलेल्या मुलीची मुदत 10 जून 2015 ला संपली. शेवटचा दिवस न्यायालयाच्या सुट्टीत आला तर कलम 4 मुळे उघडण्याच्या दिवशी दाखल करता येतं, एवढीच सवलत.

इथे नेहमीची चूक म्हणजे दाव्यासोबत विलंबमाफीचा अर्ज जोडणं. कलम 5 ची विलंबमाफी अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. उलट कलम 3 न्यायाधीशाला सांगतं की प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा फेटाळा. म्हणजे खुनाच्या खालोखाल गंभीर गुन्ह्याची तक्रार चाळिसाव्या वर्षी चालते, पण ज्या संस्थेने तो माणूस माहीत असूनही कामावर ठेवला तिच्याकडून उपचाराचा खर्च मागायला बाविसाव्या वर्षीच उशीर झालेला असतो.

पॉक्सोच्या विशेष न्यायालयाकडे कलम 33(8) आणि 2020 च्या नियमांतल्या नियम 9 खाली भरपाई, अंतरिमसुद्धा, मागता येते. आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत राज्याने ती द्यायची असते. मात्र ते पैसे सरकारी निधीतून येतात, संस्थेच्या खिशाला हात लागत नाही.

मग विधिमंडळाकडे काय मागायचं

सरसकट "मुदत रद्द करा" अशी मागणी दोन ओळींच्या उत्तरासह परत येते. मागणी दिवाणी बाजूपुरती ठेवा. संपलेली फौजदारी मुदत मागे जाऊन जिवंत करणं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 2003 मध्ये स्टॉगनर प्रकरणात घटनाबाह्य ठरवलं, आणि ते योग्यच होतं. माणसाला तुरुंगात टाकण्याचा अधिकार राज्याने एकदा सोडला की पुन्हा उचलता कामा नये. भरपाईचं तसं नाही. आपल्या मुदत कायद्यात कलम 27 मालमत्तेचा हक्कच संपवतं, इतर दाव्यांत फक्त उपाय अडतो, हक्क उरतो. अडलेला उपाय मोकळा करणं हे विधिमंडळाच्या हातातलं काम आहे. मात्र शब्द स्पष्ट हवेत. मुदतवाढीने आधीच संपलेली मुदत आपोआप जिवंत होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1964 च्या गाडगीळ प्रकरणात आयकराबाबत आणि 2008 मध्ये वक्फच्या प्रकरणात सांगितलं आहे. "या अधिनियमापूर्वी मुदत संपलेल्या दाव्यांनाही लागू" असं लिहिलं नाही तर सुधारणा फक्त आजच्या मुलांपुरती उरेल.

दिल्लीला जायलाच हवं असंही नाही. 'मुदत' हा विषय समवर्ती सूचीच्या नोंद 13 मध्ये आहे. महाराष्ट्र विधिमंडळ राज्यापुरती सुधारणा करू शकतं, केंद्रीय कायद्याशी विसंगत असल्याने संविधानाच्या कलम 254(2) खाली राष्ट्रपतींची संमती लागेल.

मसुद्यात दोन वेगळे भाग ठेवा. एक पुढच्यांसाठी, वयाची नवी मर्यादा: कॅलिफोर्नियाने 2020 पासून 40 ठेवली होती, न्यूयॉर्कने 55. दुसरा मागच्यांसाठी, ठरावीक काळाची खिडकी, म्हणजे मुदत संपलेले दावेही दाखल करता येतील असा काळ. कॅलिफोर्नियाची खिडकी 2020 ते 2022 अशी तीन वर्षं होती. न्यूयॉर्कची 14 ऑगस्ट 2019 ला एका वर्षासाठी उघडली, करोनामुळे 2021 पर्यंत लांबली आणि दहा हजारांहून अधिक दावे आले. आपल्या दिवाणी न्यायालयांवरचा बोजा पाहता दोन वर्षांहून कमी मागणं फसवं ठरेल, कारण जुने कागद गोळा करण्यातच एक वर्ष जातं.

विरोधाचा मुद्दा हलका समजू नका. विश्वस्त बदलले, हजेरीपट रद्दीत गेले, साक्षीदार वारले, मग संस्थेने बचाव कसा करायचा? मसुद्यात त्याचं उत्तर लिहा: सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याचीच राहील, संस्थेविरुद्ध निष्काळजीपणा दाखवावा लागेल, आणि न्याय्य सुनावणी खरोखर अशक्य असेल तर न्यायालय दावा थांबवू शकेल. ऑस्ट्रेलियात मुदत काढून टाकल्यावरही हा शेवटचा अधिकार न्यायालयांकडे आहे. 2023 मध्ये तिथल्या हाय कोर्टाने, जे तिथलं सर्वोच्च न्यायालय आहे, मात्र सांगितलं की पुरावा पातळ झाला एवढ्यानेच दावा थांबवता येत नाही.

पैशाचा प्रश्न खरा आहे. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्स संस्थेने फेब्रुवारी 2020 मध्ये दिवाळखोरी मागितली, तिच्यावर 82 हजारांहून अधिक दावे आले. मेरीलँडने 2023 मध्ये मुदत पूर्ण काढली, 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला आणि त्याच वर्षी विधिमंडळाने भरपाईची कमाल मर्यादा खाली आणली, कारण दावे सरकारी संस्थांवरही येत होते. आपल्याकडे आश्रमशाळा आणि महापालिका शाळा आहेत. सरकार स्वतः प्रतिवादी होणार, म्हणून विरोध मंत्रालयातूनच येईल. भरपाईची मर्यादा आपणच सुचवली तर तो थोडा बोथट होतो.

मुंबईपुरती आणखी एक खाच. 1888 च्या महापालिका अधिनियमाचं कलम 527 पालिकेविरुद्धच्या दाव्याला एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांची मुदत लावतं. शाळा पालिकेची असेल तर हे कलम पुढे केलं जाणारच. फक्त मुदत कायदा सुधारला तर विशेष कायद्यातली ही मुदत तशीच राहते. मसुद्यात कलम 527 चा उल्लेख नावाने करा.

छोट्या चुकीने मोठं काम बुडतं. पेनसिल्व्हेनियात खिडकीसाठीची घटनादुरुस्ती दोनदा मंजूर करून मतदारांपुढे न्यायची होती, पण सरकारी खात्याने कायद्याने लागणारी वर्तमानपत्रातली जाहिरातच दिली नाही. 2021 मध्ये हे उघड झालं आणि सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून.

निवेदन दोन पानांचं ठेवा: पहिल्यावर 21 वर्षांचा हिशेब एका काल्पनिक तारखेसह, दुसऱ्यावर सुचवलेलं कलम शब्दशः. कोणत्याही आरोपीचं किंवा पीडिताचं नाव त्यात घालू नका, पीडिताची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. एक प्रत आपल्या मतदारसंघाच्या आमदाराला अशासकीय विधेयकासाठी, एक विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीला, एक मंत्रालयात विधी व न्याय विभागाला. आमदारांच्या कार्यालयात प्रत टेबलावर ठेवून परत येऊ नका. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, पुढे माहिती अधिकारात विचारायला तोच क्रमांक लागतो.